घरच्या एस्प्रेसो मशीनचा दाब: आधी मोजावा, मगच स्क्रूला हात लावावा

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात मी पहिल्यांदा प्रेशर गेज मागितला, तेव्हा काउंटरवरच्या काकांनी नेहमीच्या सवयीने विचारले, "किती किलोचा पाहिजे ओ?" सोळा किलोचा पुरेल असे सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, कारण त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक शंभर-दोनशे किलोच्या खाली बोलत नाही. कॉफीच्या मशीनला लावायचा आहे म्हटल्यावर मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने गेज निवडून दिला, आणि वर "ग्लिसरीनचाच घ्या, काटा नाचणार नाही" हा सल्लाही दिला. तो सल्ला किती योग्य होता, ते पुढे येईलच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांत गेल्या काही वर्षांत ज्यांनी घरी पंपाचे एस्प्रेसो मशीन घेतले आहे आणि ज्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१५ बार" असे छापलेले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बार म्हणजे काय, असा प्रश्न पडला असेल, तर आपल्याकडच्या कारखान्यांत ज्याला नुसते "किलो" म्हणतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर पडणारा किलोचा भार, त्याच्याशी तो जवळजवळ सारखाच असतो. १ बार म्हणजे १.०२ किलो, म्हणून ९ बार म्हणजे साधारण ९.२ किलो किंवा १३० पीएसआय (चौरस इंचावर पौंड).

शिट्टी, गॅस्केट आणि दाब

नवख्या माणसाची पहिली समजूत अशी असते की दाब पंप तयार करतो, आणि म्हणून पंपाचा दाब कमी-जास्त केला की कॉफी सुधारते. प्रत्यक्षात पंप फक्त पाणी ढकलतो. दाब तयार होतो तो पाण्याच्या वाटेत कॉफीची दाबलेली चकती आडवी आल्यामुळे. पंपाचे तोंड पूर्ण बंद केले तर घरगुती मशीनमधला पंप १५ बारपर्यंत जाऊ शकतो, एवढाच त्या खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ आहे. त्या दाबावर कॉफी करावी असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

पंप आणि कॉफी यांच्यामध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, ज्याला ओव्हर प्रेशर व्हॉल्व्ह किंवा थोडक्यात ओपीव्ही म्हणतात. त्याचे काम कुकरच्या शिट्टीचे आहे. कुकरमध्ये वाफेचा दाब शिट्टीच्या वजनाला पेलेनासा झाला की शिट्टी उचलली जाते आणि जादा वाफ बाहेर पडते. इथे वजनाच्या जागी स्प्रिंग असते आणि वाफेच्या जागी पाणी. स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी एका बारीक नळीतून पुन्हा टाकीत सोडतो. आपण जो स्क्रू फिरवणार आहोत, तो या स्प्रिंगला कमी किंवा जास्त दाबून धरणारा स्क्रू आहे.

याच उपमेतून दुसरी गोष्टही कळते, आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. कुकरचे गॅस्केट फाटलेले असेल तर शिट्टी कितीही जड लावली तरी होत नाही, कारण वाफ आधीच बाजूने निसटत असते. तसेच कॉफी भरड दळलेली असेल तर पाणी तिच्यातून सळसळत निघून जाते, दाब पाच-सहा बारच्या वर चढतच नाही, आणि अशा वेळी ओपीव्हीचा स्क्रू कितीही आवळला तरी काडीचाही फरक पडत नाही. व्हॉल्व्ह फक्त वरची मर्यादा ठरवतो. तिथपर्यंत पोहोचायचे की नाही, हे दळण ठरवते.

ही मर्यादा ९ बारच्या आसपास का ठेवतात, याचे उत्तर निम्मे इतिहासात आहे. मिलानच्या अकिले गॅजिया यांनी १९३८ साली पेटंट घेतले आणि युद्धानंतर त्यांची दांडा ओढून स्प्रिंगने पाणी दाबणारी मशीन बाजारात आली, तेव्हा कॉफीवर सोनेरी फेसाचा थर, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ या मशीनने दांड्याऐवजी विजेचा पंप आणला आणि साधारण ९ बारचा स्थिर दाब रूढ झाला. उरलेले निम्मे उत्तर कॉफीच्या चकतीत आहे. दाब फार वाढला की चकती घट्ट आवळली जाते, बारीक कण तळाशी जाऊन बसतात आणि पाणी सगळीकडून समान न जाता एखादी चीर शोधून तिथूनच वाहू लागते. परिणामी एकाच कपात कडू आणि आंबट अशा दोन्ही चवी येतात.

स्क्रूच्या आधीची कामे

मशीनचे झाकण उघडण्यापूर्वी आपली बास्केट, म्हणजे कॉफी भरायची छिद्रांची वाटी, उलटी करून पाहावी. तळाला सगळीकडे बारीक छिद्रे दिसत असतील तर ती साधी बास्केट आहे. आतून अनेक छिद्रे आणि बाहेरून मात्र मध्यभागी सुईच्या टोकाएवढे एकच छिद्र असेल, तर ती दुहेरी तळाची बास्केट आहे, आणि तिच्यात अडथळा कॉफीचा नसून त्या एका छिद्राचा असतो. तिच्यातून येणारा फेसही क्रेमा नव्हे, तो त्या छिद्रातून जोराने फुटलेला फेस असतो. अशी बास्केट वापरणाऱ्याने दाब लावण्याच्या भानगडीत पडू नये. आधी साधी बास्केट आणि बरा ग्राइंडर घ्यावा. मिक्सरच्या भांड्यात दळलेली कॉफी चालत नाही, कारण तीत पीठ आणि कणी एकत्र असतात.

त्यानंतर कॉफी. आपल्या भागात किराणा दुकानातून जी फिल्टर कॉफीची पावडर मिळते, तिच्यात बहुधा चिकोरी असते आणि नियमाप्रमाणे ती ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. पितळी फिल्टरसाठी ती उत्तम आहे, घरच्या पाहुण्यांना मी आजही तीच देतो. पण पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे बास्केट बसवायच्या दांड्याच्या कपात, तिचा काही भरवसा नाही. मी मशीन घेतले तेव्हा एका दुकानदाराने "एस्प्रेसोला हीच चालते" असे सांगून अशीच पावडर दिली होती. पहिली, भरड पावडर आठ सेकंदांत कप भरून मोकळी झाली, म्हणून दाब कमी पडतो असे समजून मी गेज न लावताच स्क्रू एक पूर्ण फेरा आवळला. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून बारीक दळून आणलेली पावडर घातली, तर चिकोरी भिजून बुळबुळीत झाली, खालून एक थेंबही येईना, आणि पाणी गॅस्केटच्या कडेने ओट्यावर आले. दोन्ही वेळा दोष व्हॉल्व्हचा नव्हता. चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्यांतल्या बिया, चिकोरीशिवाय, भाजल्याची तारीख छापलेल्या, आता कुरिअरने घरपोच येतात. भाजल्यानंतर सात ते दहा दिवसांनी त्या वापराव्यात, कारण अगदी ताज्या बियांतला वायू पाण्याच्या वाटेत येतो.

आता एक मोजमाप ठरवावे आणि ते काही दिवस बदलू नये. १८ ग्रॅमच्या बास्केटमध्ये १८ ग्रॅम कॉफी, आणि साधारण २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम. हे वजन सोनाराच्या नव्हे, पण दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर करावे. वेळ कमी लागत असेल तर दळण बारीक करावे, जास्त लागत असेल तर जाडे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा आठवडेच्या आठवडे ओली असते आणि तेव्हा ग्राइंडरचा नंबर बदलावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. जूनमध्ये बिघडलेली कॉफी पाहून मशीन उघडायला बसू नये. एवढे करूनही, दळण योग्य असताना, धार मध्येच फिकट पडून इकडे-तिकडे उडत असेल आणि चकतीत भोके दिसत असतील, तर दाब जास्त असण्याची शंका रास्त आहे.

विजेचेही पाहून घ्यावे. अशी मशीन १३०० ते १४५० वॉटची असतात, म्हणजे २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या आसपास घेतात, त्यामुळे ती १६ अँपिअरच्या, अर्थिंग नीट असलेल्या प्लगवरच चालवावीत. घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नयेत. आतला पंप कंप पावणारा असतो, म्हणजे एक लोखंडी दट्ट्या सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, आणि व्होल्टेज पडले की त्या धक्क्यांतला जोर कमी होतो. संध्याकाळी दिवे मंद झाले की माझ्या पंपाचा आवाज घोगरा होतो आणि गेजचा काटाही हळू चढतो. म्हणून मोजणी व्होल्टेज ठीक असताना, शक्यतो सकाळी करावी. व्हॉल्व्ह ९-१० बारला लावलेला असला की थोडेसे व्होल्टेज पडले तरी पंपात तेवढी ताकद शिल्लक असते, हा दाब उतरवण्याचा एक आडफायदाच आहे.

गेज जोडणे

इथे आपण बेळगावकर नशीबवान आहोत. बाहेर लोक या कामासाठी तयार गेजचा पोर्टाफिल्टर मागवतात. आपल्याकडे उद्यमबाग किंवा मच्छे भागात तेच सामान तासाभरात जमते. ५८ मिलिमीटरच्या बहुतेक पोर्टाफिल्टरची तोटी ३/८ बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाच्या) आट्यांची असते आणि बाजारातला साधा गेज १/४ बीएसपीचा. म्हणून ३/८ ते १/४ चा एक रिड्यूसर (दोन मापे जोडणारा तुकडा), गेज, आणि टेफ्लॉन टेप एवढे पुरते. लहान पोर्टाफिल्टरमध्ये आटे वेगळे असू शकतात, किंवा तोटी निघतच नाही, तेव्हा पोर्टाफिल्टरच दुकानात घेऊन जावा आणि आटे जुळवून पाहावेत.

गेज ० ते १६ बार किंवा किलोचा घ्यावा. ६० किलोचा गेज स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण १.६ वर्गाच्या गेजची चूक पूर्ण मापाच्या १.६ टक्के असू शकते. १६ च्या गेजवर ती पाव बार होते, ६० च्या गेजवर जवळजवळ एक बार, आणि आपल्याला तर एका बारचाच फरक पाहायचा आहे. ग्लिसरीन भरलेला का, याचे उत्तर पंप चालू करताच मिळते. कोरड्या गेजचा काटा पंपाच्या धक्क्यांनी असा थरथरतो की आठ आहेत की अकरा, ते सांगता येत नाही. या जोडणीत वापरलेला पोर्टाफिल्टर आणि फिटिंग पुन्हा कॉफीसाठी वापरू नयेत. कारखान्याच्या पितळी सामानाला तेल लागलेले असते, म्हणून जुना किंवा जादा पोर्टाफिल्टर यासाठी बाजूला ठेवणे बरे.

मशीन वीस मिनिटे तापू द्यावे, टाकीत पाणी भरून ठेवावे, रिकामी बास्केट घातलेला गेजचा पोर्टाफिल्टर ग्रूपला, म्हणजे मशीनच्या ज्या तोंडातून गरम पाणी येते त्याला, घट्ट लावावा आणि कॉफीचे बटण दाबावे. आत अडकलेली हवा आधी आवळली जाते, म्हणून काटा काही सेकंद सावकाश चढतो आणि मग एका जागी स्थिर होतो. त्याच वेळी टॉर्च घेऊन टाकीत पाहावे. ओपीव्ही उघडला की परतीच्या बारीक नळीतून पाण्याची धार टाकीत पडू लागते. पहिल्यांदा मी हे पाहिले तेव्हा काटा १३ वर होता आणि टाकीत ती धार टपटपत नव्हती, चांगली सुतासारखी सरळ पडत होती. काही मशीनमध्ये ही नळी टाकीत न जाता पंपाच्या तोंडाशीच परत जोडलेली असते, तिथे धार दिसणार नाही. बटण दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नये आणि दोन मोजण्यांमध्ये पंपाला मिनिटभर विश्रांती द्यावी.

बटण बंद केल्यावर काटा शून्यावर आल्याशिवाय पोर्टाफिल्टर हलवू नये. ज्या मशीनमध्ये दाब सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो तिथे काटा लगेच खाली येतो. नसेल तर वाफेच्या नळीखाली भांडे धरून ती सावकाश उघडावी आणि दाब उतरू द्यावा. आत नव्वद अंशांच्या वरचे पाणी असते. गेजच्या पोर्टाफिल्टरभोवती जाड फडके गुंडाळून मगच तो काढावा.

मिळालेला आकडा पाण्याची वाट पूर्ण बंद असतानाचा आहे. प्रत्यक्ष कॉफी होताना काही पाणी चकतीतून जाते, व्हॉल्व्हमधून कमी जाते, आणि दाब साधारण अर्धा ते एक बार कमी राहतो. म्हणून कॉफीवर ९ बार हवे असतील तर बंद गेजवर १० च्या आसपास लावणे योग्य ठरते. ज्याला काटेकोर काम आवडते त्याने गेजच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि नीडल व्हॉल्व्ह (धार कमी-जास्त करणारा) जोडावा आणि २५ सेकंदांत ३६-४० मिलिलिटर पाणी निघेल इतका तो उघडून वाचन घ्यावे. मी दोन्ही करून पाहिले. रोजच्या कॉफीसाठी पहिली पद्धत पुरते.

एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारले होते की बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, तर त्याप्रमाणे आकडा बदलायला नको का? नको. गेज भोवतालच्या हवेपेक्षा किती दाब जास्त आहे, तेच दाखवतो. उंचीचा परिणाम एवढाच की पाणी आपल्याकडे ९७-९८ अंशांनाच उकळते, त्यामुळे तापलेल्या ग्रूपमधून रिकामे पाणी सोडले की ते जरा लवकर फसफसते.

स्क्रू फिरवणे

वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडल्याने ती जाऊ शकते, हे आधी पाहून घ्यावे. प्लग काढून ठेवावा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, आणि मशीन पूर्ण थंड होऊ द्यावे. झाकण काढल्यावर पंपापासून निघालेली नळी बोटाने माग काढत जावी; जिथून एक फाटा बॉयलरकडे आणि दुसरा टाकीकडे जातो, तिथे ओपीव्ही असतो. जुन्या गॅजिया क्लासिकमध्ये तो ॲलन कीने फिरतो, रान्सिलियो सिल्वियासारख्या मशीनमध्ये लॉकनट सैल करावा लागतो, तर गॅजिया क्लासिक प्रोमध्ये फिरवायला स्क्रूच नसतो आणि ९ बारची दुसरी स्प्रिंग घालावी लागते. काही स्वस्त मशीनमध्ये प्लास्टिकचा, जोडून बंद केलेला व्हॉल्व्ह असतो; तो फोडून पाहण्यात अर्थ नाही, तिथे दळणावरच समाधान मानावे.

स्क्रूचे डोके आणि भोवतालची बॉडी यांवर मार्करने एक सरळ रेघ मारावी. ही रेघ म्हणजे परतीचा रस्ता आहे. मी माझ्या पहिल्या फजितीत ती मारली नव्हती, आणि मूळ जागा पुन्हा सापडायला तीन दिवस गेले. मग पाव फेरा फिरवावा, त्याहून जास्त नाही. बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या उलट दिशेने स्प्रिंग सैल होते आणि दाब उतरतो, पण सगळीकडे तसेच असते असे नाही, म्हणून पहिला पाव फेरा हा केवळ दिशा कळण्यासाठी आहे असे समजावे. झाकण परत बसवावे, प्लग लावावा, मशीन तापवावे, गेज लावून मोजावे. पुन्हा प्लग काढावा, थंड होऊ द्यावे, पाव फेरा. हे कंटाळवाणे आहे हे मला मान्य आहे, आणि झाकण उघडेच ठेवून प्लग चालू असताना पाना घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण आत २३० व्होल्टच्या उघड्या पिना आणि पाण्याची नळी वीतभर अंतरावर असतात. एका रविवारी पुरे होणारे काम दोन रविवार चालू द्यावे. स्क्रू इतका सैल करू नये की तो आट्यांतून सुटेल, नाहीतर स्प्रिंग आणि तिची इवलीशी गोळी मशीनच्या पोटात शोधत बसावे लागते.

माझ्या मशीनवर १३ वरून १० वर यायला एकूण सव्वा फेरा लागला. दुसऱ्याच्या मशीनवर तो अर्धाही असेल, कारण स्प्रिंग सारखी नसते; म्हणून फेऱ्यांचा आकडा कुणाकडूनही उसना घेऊ नये.

नंतरची कॉफी

दाब उतरवल्यावर पहिला कप जुन्याच दळणावर, जुन्याच वजनावर करावा आणि वेळ लिहून ठेवावी. त्यानंतर दळण एकेका खाचेने बदलत २५ ते ३० सेकंदांवर यावे. चकती काढून पाहिली तर भोके कमी झालेली दिसतात, धार मधाच्या रंगाची होऊन जास्त वेळ एकसंध राहते, आणि चवीत जो घशाला लागणारा कडवटपणा होता तो मागे सरतो. क्रेमा पूर्वीपेक्षा थोडा कमी दिसला तर घाबरू नये. ८ बारवर कुणाची कॉफी अधिक गोड लागली तर तेही ठीक आहे. ९ हा आकडा देव्हाऱ्यात ठेवायचा नाही.

काही महिन्यांनी दाब आपोआप उतरला किंवा चढला, तर स्क्रूआधी क्षारांचा संशय घ्यावा. राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचे नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी यांत मोठा फरक असतो. बोअरच्या पाण्याची पांढरी पुटे व्हॉल्व्हच्या बैठकीत जाऊन बसली की तो नीट मिटत नाही आणि दाब पडतो, किंवा अडकून उघडतच नाही आणि दाब चढतो. अशा वेळी उत्पादकाने सांगितलेल्या द्रावणानेच क्षार काढावेत, लिंबूसत्त्व अंदाजाने घालू नये, विशेषतः ॲल्युमिनियमच्या बॉयलरमध्ये. मग पुन्हा गेज लावावा.

गेज कपाटात जपून ठेवावा, आणि मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी टेप चिकटवून त्यावर मोजणीची तारीख, आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि स्क्रू कुठल्या दिशेला किती फिरवला, ते बॉलपेनने लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी झाकण उघडणारा दुसरा कुणी असला तरी त्याला अंदाज बांधत बसावे लागणार नाही.